घटत्वाचा पत्ता

२०१६ च्या पावसाळ्यात आमच्या टीममध्ये एका शब्दावरून वाद झाला आणि तो दोन दिवस चालला. शब्द होता ‘क्लास’. जावास्क्रिप्टच्या जून २०१५ मध्ये मंजूर झालेल्या आवृत्तीत तो अधिकृतपणे आला होता. हाती घेतलेलं नवं काम त्यात लिहायचं की जुन्याच पद्धतीने, एवढंच ठरवायचं होतं. आयुष्यभर जावा केलेला आमचा टीम लीड म्हणाला, ‘‘इतकी वर्षं ही भाषा अर्धवट होती, आता कुठे पूर्ण झाली.’’ त्याच्यासमोरचा एक जण उसळला, ‘‘पूर्ण कसली? आत काहीच बदललेलं नाही, वरून रंग दिलाय!’’ मी या दुसऱ्याच्या बाजूने होते. तांत्रिक मुद्दे होते तेवढे मांडले आणि गप्प बसले. मनात जे होतं ते मीटिंगमध्ये सांगण्यासारखं नव्हतं, कारण ते माझ्या आजाच्या चाकापासून सुरू होत होतं.

मी कुंभाराघरची. आमचं गाव कऱ्हाडकडे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, ‘क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून काढलेला गणपती.’ सगळ्यांना एका झटक्यात कळलं. मला कळलं नाही, कारण आमच्या घरी साचा नव्हताच. आजा चाकावर गाडगी, मडकी, माठ, संक्रांतीची सुगडं काढायचा. माझा चुलत भाऊ पहिल्यांदा चाकावर बसला तेव्हा आजाने त्याच्यापुढे माप ठेवलं नाही की चित्र ठेवलं नाही. एक मडकं ठेवलं. म्हणाला, ‘‘ह्ये बघ. आधी ह्याच्यासारखं एक नीट काढ. बाकीची मग त्याच्याकडं बघून हुत्यात.’’ माठ घ्यायला येणाऱ्या बायकांचं बोलणंही तसंच असायचं. ‘‘तात्या, मागच्या सालासारखाच द्या, पर तोंड वाईच मोठं करा. घासायला हात आत जात न्हाई.’’ त्याच्यासारखं, पण एवढं वेगळं. आमच्या घरात वस्तू अशी मागितली जायची आणि अशीच घडायची.

पुढे नोकरीत जावास्क्रिप्ट हातात आली आणि तिच्या पोटात काय आहे हे कळलं, तेव्हा मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. या भाषेत मुळात जाती नाहीत, नुसत्या वस्तू आहेत. प्रत्येक वस्तूपाशी दुसऱ्या एका वस्तूचा पत्ता असतो. त्या दुसरीला म्हणायचं प्रोटोटाइप. मडक्याला विचारलं, ‘तुझं तोंड केवढं?’ तर त्याच्याजवळ उत्तर असेल तर ते देतं. नसेल तर ज्याच्याकडे बघून ते घडलं त्याच्याकडे विचारणा जाते. तिथेही नसलं तर त्याच्या वरच्याकडे. एवढाच व्यवहार. मागच्या सालासारखं, पण तोंड वेगळं: तोंड मडक्याचं स्वतःचं, बाकी सगळं मागच्या सालाकडून.

ही कल्पना आली सेल्फ नावाच्या भाषेतून. डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी १९८७ मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की एक वस्तू दुसरीसारखी हवी असेल तर तिने सरळ त्या दुसरीकडे बोट दाखवावं. दोघींच्या डोक्यावर ‘जात’ नावाचं तिसरं काहीतरी कशाला बसवायचं? १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत ब्राउझरसाठी भाषेचा पहिला नमुना उभा केला, तेव्हा त्यांनी वस्तूंचा व्यवहार सेल्फकडून घेतला आणि फंक्शनची वागणूक स्कीम या भाषेकडून. वरून मात्र हुकूम होता की दिसायला भाषा जावासारखी हवी. म्हणून ‘न्यू’ हा शब्द आला, आणि त्याच वर्षअखेरीला नावही जावाचंच लागलं. आत सेल्फ आणि बाहेर जावा असं दुभंगलेलं मन घेऊनच ही भाषा जगात आली. आमच्या मीटिंगमधला वाद त्या दुभंगाचा होता.

क्लास आणायचा एक मोठा प्रयत्न त्याआधीही झाला होता. भाषेच्या चौथ्या आवृत्तीत क्लास असणार होते, त्यावर वर्षानुवर्षं काम चाललं, आणि जुलै २००८ मध्ये ऑस्लोला झालेल्या समितीच्या बैठकीनंतर ती आवृत्ती सोडून देण्यात आली. ऑस्लो हे तेच शहर, जिथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगोर यांनी १९६० च्या दशकात सिम्युला भाषा घडवली आणि प्रोग्रॅमिंगला क्लास ही कल्पनाच दिली. पुढे सात वर्षांनी क्लास आला तो कमीत कमी रूपात. लिहायला क्लास, आत तेच प्रोटोटाइप. भाषेला आजही विचारलं की क्लास ही काय वस्तू आहे, तर ती ‘फंक्शन’ असं उत्तर देते.

आमच्याकडे निर्णय क्लासच्या बाजूने झाला. मी मान्य केला. आणि दोन महिन्यांनी जे घडलं ते माझ्या हातून घडलं.

काम होतं औषधांची मागणी नोंदवणाऱ्या वेबसाइटचं. ‘मागणी’ नावाचा क्लास होता. प्रत्येक मागणीत औषधांची यादी असणार, सुरुवातीला ती रिकामी. त्या वेळच्या क्लासमध्ये अशी यादी थेट आत लिहून ठेवायची सोय नव्हती. मी ती प्रोटोटाइपवर ठेवली. एका ओळीचं काम. मला ते नैसर्गिकच वाटलं, सगळ्या मागण्या ज्याच्याकडे बघतात तिथे रिकामी यादी ठेवली, झालं. एके दिवशी टेस्टिंगला बसलेल्या मुलीने हाक मारली, ‘‘मॅडम, मी फक्त तापाच्या गोळ्या टाकल्यात. माझ्या यादीत हे इन्सुलिन कुणाचं?’’ पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने पाच मिनिटांपूर्वी इन्सुलिन टाकलं होतं. सर्व्हर एक, प्रोटोटाइप एक, आणि म्हणून सगळ्या मागण्यांची यादीही एकच.

ही चूक हळूहळू सांगते, कारण माझा पुढचा सगळा विचार तिच्यातून निघाला. या भाषेत वाचणं आणि लिहिणं एका वाटेने जात नाही. वस्तूला काही विचारलं आणि तिच्याजवळ ते नसलं, तर विचारणा वर चढते. पण वस्तूवर नवं काही लिहिलं, तर ते वर जात नाही, त्या वस्तूपाशीच राहतं. म्हणून एखाद्या मडक्याने स्वतःचं तोंड बदललं तर मूळ मडक्याला धक्का लागत नाही. मी मात्र नवी यादी लिहिलीच नव्हती. ‘यादी कुठे आहे?’ असं विचारलं, विचारणा वर गेली, वरच्याची यादी हाती लागली, आणि तिच्यातच औषध घातलं. वारशाने मिळालेली वस्तू माझी म्हणून वापरली, पण स्वतःची करून घेतली नव्हती. त्यामुळे माझ्या हातचा बदल सगळ्या वंशाच्या अंगाला लागला. दुरुस्ती एका ओळीची होती: प्रत्येक मागणी जन्माला येतानाच तिच्या हातात तिची स्वतःची रिकामी यादी द्यायची. ती ओळ लिहिली आणि त्या दिवशी मी घरी गेले ती थरकाप घेऊन. ही वेबसाइट लोकांसमोर गेली असती, तर एका माणसाचा आजार दुसऱ्याच्या पडद्यावर उघडा पडला असता.

मग प्रश्न छळायला लागला. वर जी वस्तू बसली आहे, जिच्याकडे सगळ्या मागण्या बघतात, ती नक्की काय आहे? ती मागणी आहे, की मागणीपण आहे?

आमच्या सोसायटीत संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक रविवारी सकाळी तर्कसंग्रह शिकवायचे. मी जाऊन बसले. अन्नंभट्टाचा हा छोटा ग्रंथ सतराव्या शतकातला, न्यायशास्त्राची पहिली पायरी. पहिल्याच महिन्यात मी चकित झाले, कारण उदाहरण म्हणून जिथे तिथे घट! कारण सांगायचं तर घटाचं, अभाव सांगायचा तर जमिनीवर नसलेल्या घटाचा. आमच्या घरच्या गाडग्यावर एवढं मोठं शास्त्र उभं आहे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. नैयायिक म्हणतात, हजार घट पाहून ‘घट, घट’ अशी एकसारखी जाणीव होते, तिला काहीतरी आधार हवा. तो आधार म्हणजे घटत्व. ते एकच आहे, अनेक घटांत राहतं आणि कायमचं आहे. घट फुटला तरी घटत्व फुटत नाही. शास्त्रात त्याला नाव आहे सामान्य, आणि दुसरं नाव जाती.

जाती. सर सहज म्हणाले आणि पुढे गेले. मी तिथेच थांबले.

बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने यावर जो प्रश्न टाकला तो कुंभाराच्या अंगणात विचारावा असा आहे. आजाने आत्ता नवं मडकं चाकावरून उतरवलं. त्यात घटत्व कुठून आलं? मघाशी त्या जागी ते नव्हतं, कारण घटच नव्हता. शेजारच्या मडक्यातून उठून आलं म्हणावं, तर ते मडकं घटत्वाशिवाय राहील. अर्धं इकडे अर्धं तिकडे म्हणावं, तर त्याला तुकडे नाहीत. मग आलं कसं? दिङ्नागापासून या परंपरेचं उत्तर असं की घटत्व नावाची वस्तू नाहीच. ‘घट’ म्हणजे जे जे घट नाही ते वगळून उरतं ते, आणि वगळण्याचं हे काम आपलं मन करतं.

शतकानुशतकं चाललेला हा वाद मी घरी येऊन कीबोर्डवर टाइप करून पाहिला. दोन घट बनवले. दोघांना त्यांच्या प्रोटोटाइपचा पत्ता विचारला. मध्ये बरोबरची तीन चिन्हं टाकली. उत्तर आलं: खरं. दोघांचं घटत्व एकच, आणि त्याला मेमरीत पत्ता आहे! नैयायिकांचा अर्धा विजय झाला. एक आहे आणि अनेकांशी जोडलेलं आहे. पण ते घटांत राहत नाही, बाहेर राहतं. घटापाशी नुसता त्याचा पत्ता. ते कायमचंही नाही. चालू प्रोग्रॅममध्ये मी घटत्वाला नवा गुण चिकटवला आणि आधीच जन्मलेल्या घटांनी तो लगेच सांगायला सुरुवात केली. धर्मकीर्तीच्या प्रश्नाला इथे साधं उत्तर आहे: नव्या घटात घटत्व येत नाही, नवा घट त्याच्याकडे बघतो. आणि जिच्याकडे बघतो ती स्वतः एक वस्तूच आहे, तीही आणखी कुणाकडे तरी बघते. ही साखळी कुठवर? शास्त्रात न संपणाऱ्या साखळीला अनवस्था म्हणतात आणि तो दोष मानतात. जावास्क्रिप्टमध्ये ती संपते. जवळजवळ सगळ्या वस्तूंच्या वर एक मूळ वस्तू आहे आणि तिच्या वर ‘नल’, म्हणजे कुणी नाही.

आणखी एक प्रयोग सरांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ विचार करत राहिले. एका वेबपानात दुसरं पान चौकट करून बसवता येतं. आतल्या पानात तयार झालेली ॲरे, म्हणजे क्रमाने लावलेली यादी, बाहेरच्या पानाला द्या आणि विचारा, ‘ही ॲरे आहे का?’ वंश पाहून उत्तर देणारी तपासणी ‘नाही’ म्हणते. ॲरेचे सगळे गुण तिच्यात आहेत, ॲरेचं प्रत्येक काम ती करते. पण तिचा पूर्वज आतल्या पानातला आणि तपासणी बाहेरच्या पानातला पूर्वज शोधते. या गावची ती नाही. लोकांना याचा इतका त्रास झाला की २००९ च्या आवृत्तीत वंश न पाहता ॲरे ओळखण्याची वेगळी सोय द्यावी लागली. घटत्व जर निसर्गात असतं, तर ते दोन पानांत दोन कसं झालं असतं?

आता कारणांचा धडा. तर्कसंग्रहानंतर सरांनी विश्वनाथाचा भाषापरिच्छेद काढला. घटाचं कारण काय? माती आहे, चाक आहे, दंड आहे, कुंभार आहे. मग ज्या गोष्टी घटाच्या आसपास असतात पण कारण नसतात, त्यांची यादी. तिला नाव अन्यथासिद्ध. त्यांच्याशिवाय भागतं अशा त्या गोष्टी. यादीत माती वाहून आणणारं गाढव आहे, आणि कुंभाराचा बाप आहे. कुंभाराचा बाप हा घटाचं कारण नाही! सरांनी टीका उघडून बारकावा सांगितला: बाप म्हणून तो कारण नाही, तोच चाकावर बसला तर कुंभार म्हणून तो कारण ठरेल, आणि त्याला कुणाची हरकत नाही.

मी नऊ वर्षांची असताना दुपारी चाक मोकळं दिसलं म्हणून त्यावर मातीचा गोळा ठेवला होता. आजीने माझं मनगट धरून हात बाजूला घेतला. रागावली नाही. ‘‘बाईमाणसाचा हात चाकाला लागत न्हाई बाळ,’’ एवढंच म्हणाली. ती स्वतः पन्नास वर्षं माती चाळत, लीद मिसळत, तुडवत आली होती. मडकी थापटायची, आव्यात रचायची, डोक्यावर पाटी घेऊन बाजारला न्यायची, पण चाकाला तिने कधी हात लावला नव्हता. चाकावर कोण बसणार हे बापावरून आणि देहावरून ठरलेलं होतं. आणि इथे शास्त्र सांगत होतं की बापाचा घटाशी संबंध नाही, ज्याचे हात मातीवर आहेत त्याचा आहे. ते वाचताना मला आजीचे हात दिसत होते.

शास्त्र एवढं सरळ नव्हतं, हेही सांगायला हवं. घटत्वासारखंच ब्राह्मणत्व ही खरोखरीची जाती आहे, असं मीमांसेतल्या कुमारिल भट्टाने हिरिरीने मांडलं. बौद्ध तार्किकांनी ते तितक्याच हिरिरीने खोडलं: गाय आणि घोडा यांत फरक दिसतो, माणसामाणसांत तसा कुठे दिसतो? सुत्तनिपातात बुद्धाच्या तोंडी हाच युक्तिवाद आहे. गवतांचे, किड्यांचे, पक्ष्यांचे प्रकार अंगावरच्या खुणांनी वेगळे पडतात, माणसांचे पडत नाहीत. वज्रसूची या जातिभेद खोडणाऱ्या संस्कृत ग्रंथाचा आशय संत बहिणाबाईंनी मराठी अभंगांत आणला तोही याच प्रश्नाला धरून. मराठीत ‘जात’ हा शब्द उच्चारला की तर्कशास्त्र आणि गावकूस एकदम समोर उभे राहतात; इंग्रजीतून क्लास शिकणाऱ्याला हा चटका बसत नाही. मला बसला, आणि मी त्याला बाजूला सारणार नाही. ‘हे मडकं म्हणजे त्या जातीचा नमुना’ असं म्हणायची सवय मनाला लागली की ‘हा माणूस म्हणजे त्या जातीचा नमुना’ हे म्हणायला जीभ अडखळत नाही.

इथवर आले तेव्हा मला वाटत होतं की माझी बाजू पक्की झाली. क्लास म्हणजे मनाचा भ्रम, खऱ्या त्या वस्तू आणि त्यांची नाती. मग एका कामात प्रोग्रॅम फार हळू चालतोय म्हणून इंजिनाच्या आत डोकवावं लागलं, आणि माझी बाजू हलली.

क्रोम ब्राउझरबरोबर २००८ मध्ये व्हीएट नावाचं इंजिन आलं. ते उभं करणाऱ्या लार्स बाक यांनी आधी सेल्फवर काम केलं होतं. भाषेत जाती नाहीत, प्रत्येक वस्तू आपापली, तर एखादा गुण मेमरीत कुठे आहे हे इंजिनाला दर वेळी शोधावं लागणार. म्हणून ते गुपचूप वस्तूंच्या जाती बनवतं! ज्या वस्तूंना तेच गुण त्याच क्रमाने मिळाले, त्या एका छुप्या क्लासमध्ये. क्रम बदलला तर क्लास वेगळा. आधी तोंड मग बूड असं घडलेलं मडकं आणि आधी बूड मग तोंड असं घडलेलं मडकं, आपल्याला एकसारखी, इंजिनाला दोन जातींची. फायरफॉक्सच्या इंजिनात या छुप्या जातीला ‘शेप’ म्हणतात, म्हणजे आकृती. हा शब्द वाचून मी पुन्हा न्यायसूत्रांकडे गेले. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ काय, ही एक गाय, गायीची आकृती, की गोत्व? न्यायसूत्रकार गौतमाचं उत्तर आहे, तिन्ही. व्यक्ती, आकृती आणि जाती, तिन्ही मिळून शब्दाचा अर्थ. आधी मला हे तडजोडीचं उत्तर वाटलं होतं. आता वाटलं नाही. कारण माझ्यासमोरच्या यंत्रात वस्तू होती, तिची आकृती होती, आणि आम्ही वर लिहिलेला क्लास होता. तिघांपैकी एकाला काढून काम चालत नव्हतं. जातीशिवाय चालणारं मन संथ होतं, मग ते सिलिकॉनचं का असेना.

पण इंजिन जात कशी धरतं, तेही मी जवळून पाहिलं. ते आधी वस्तू येऊ देतं. पुष्कळ वस्तू एका आकृतीच्या आल्या की पुढचीही तशीच येईल असा अंदाज बांधतं आणि त्या अंदाजावर वेगवान कोड तयार करतं. प्रत्येक वेळी मात्र दारात तपासणी असते: आलेली वस्तू खरंच त्या आकृतीची आहे का? नसेल, तर इंजिन तो वेगवान कोड टाकून देतं आणि पुन्हा एकेका वस्तूकडे बघायला लागतं. वस्तू चुकली असं ते म्हणत नाही, आपला अंदाज मागे घेतं. जाती मानायची, पण समोरची वस्तू वेगळी निघाली की सोडायची, हे मला अनेक माणसांपेक्षा त्या यंत्रात जास्त दिसलं.

२०२२ च्या आवृत्तीत आलेल्या एका सोयीबद्दल मात्र माझं मन अजून स्वस्थ नाही. हॅशचं चिन्ह लावून वस्तूच्या आत खासगी कप्पा ठेवता येतो. तो मिळतो वस्तू घडतानाच. नंतर कुणाकडे कितीही बघितलं, कुणाचेही गुण उचलले, तरी तो कप्पा मिळत नाही. प्रोटोटाइपवरूनही उतरत नाही. आणि ‘तुझ्यात तो कप्पा आहे का?’ असं वस्तूला विचारता येतं. म्हणजे बघण्याने आणि वागण्याने ओळख ठरवणाऱ्या या भाषेत जन्माचा शिक्का आला. रुग्णाची औषधं बाहेरच्या हाताला लागू नयेत म्हणून तो हवाच, आणि मी तो रोज वापरते. त्या इन्सुलिनच्या दुपारनंतर तर विशेष. पण माझ्या टीममध्ये मी एक पाळते. शिक्का आतलं झाकायला वापरायचा. एखादी वस्तू कामाला घ्यायची की नाही हे ठरवायला वापरायचा नाही. तिथे विचारायचं एकच: हे काम तुला येतं का? नवी मुलं विचारतात, ‘‘मॅडम, एवढा फरक कशाला?’’ मग मी त्यांना कुंभाराच्या बापाची गोष्ट सांगते.

मागच्या वर्षी गणपतीच्या दोन महिने आधी पेणला गेले होते. फळ्यावरच्या त्या वाक्यातला साचा मला एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. कारखान्यात मांडणीभर पांढरे गणपती वाळत होते, सगळे एकसारखे, रंगाची वाट बघत. मालकांनी रबराचा साचा उघडून दाखवला. मी विचारलं, साचा कशावरून करता? ते आत गेले आणि कापडात गुंडाळलेली शाडूची मूर्ती घेऊन आले. ‘‘ही मूळ मूर्ती. आमच्या वडिलांनी हाताने केलेली. हिच्यावरून साचा निघतो.’’ त्यांनी ती वळवून डाव्या कानामागची जागा दाखवली. तिथे एक उथळ खळगा होता. ओली असताना वडिलांचं बोट लागलं होतं.

‘‘मग तो खळगा सगळ्यांना येत असेल,’’ मी म्हटलं.

‘‘येतो की. आम्ही एकेकाचा भरून घेतो.’’

‘‘हिचाच भरला तर?’’

‘‘हिला हात लावायचा नाही,’’ असं म्हणून त्यांनी मूर्ती पुन्हा कापडात गुंडाळली. परत जाताना मी मांडणीवरच्या एका पांढऱ्या गणपतीच्या कानामागे बोट फिरवून पाहिलं. खळगा होता, अजून भरायचा राहिलेला. माझ्या बोटाचं टोक त्यात बरोबर बसलं.